पोटातला गोळा

प्रत्येक ऑफिसच्या सहलीत एक माणूस असतो. सगळे जण राइडच्या रांगेत घुसले की हा बाहेरच्या बाकावर बसतो. मांडीवर सहा सॅक, खांद्याला दोन पर्स, शेजारी चपलांचा ढीग आणि हातात पाच जणांचे मोबाईल. "तुम्ही जा रे, मी आहे सामानापाशी," हे तो इतक्या उदारपणे म्हणतो, की लोकांना वाटतं, काय भला माणूस आहे!

तर मंडळी, तो भला माणूस म्हणजे मी. तेरा वर्षांच्या नोकरीत तीन कंपन्या झाल्या, प्रोजेक्ट किती झाले ते मोजले नाहीत, पण सहलीतलं हे पद मात्र कायम राहिलं. कुणी विचारलंच तर माझ्याकडे कारणं तयार असायची. "आत्ताच जेवलोय." "मान धरलीय." "अरे, ऊन बघ केवढं आहे." खरं कारण एकच होतं. रोलर कोस्टर नुसता लांबून दिसला तरी माझ्या पोटात गोळा यायचा.

या गोळ्याची जन्मकथा कर्णपुऱ्यातली. ज्यांना आमचं शहर (तेव्हाचं औरंगाबाद, २०२३ पासून अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर) माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. छावणीजवळच्या कर्णपुऱ्यात देवीचं देऊळ आहे आणि नवरात्रात तिथे मोठी यात्रा भरते. देवीचं दर्शन, भेळभत्ता, बांगड्या, प्लास्टिकचे गॉगल, आणि मैदानाच्या एका बाजूला आकाशपाळणे, मौत का कुआँ वगैरे. मी सात वर्षांचा असताना मामाने मला त्या आकाशपाळण्यात बसवलं. पाळणा वर गेला आणि आमचा पाळणा नेमका सगळ्यात वर असताना थांबला. काही बिघडलं नव्हतं. खाली माणसं चढत-उतरत होती, एवढंच. पण हे सात वर्षांच्या पोराला कोण सांगणार? खाली छावणीचा अंधार, लांब स्टेशनकडचे दिवे, आणि मामाने मला हसवायला म्हणून पाळणा पुढे-मागे झुलवायला सुरुवात केली. "भित्र्या, खाली बघ की जरा!"

मी खाली बघितलं. नंतरची तीस वर्षं पुन्हा बघितलं नाही.

मधे एकदा प्रयत्न झाला, म्हणजे माझ्यावर झाला. कॉलेजच्या सहलीत मित्रांनी मला हातपाय धरून एका राइडमध्ये बसवलं. हेतू चांगला होता हो. "एकदा बसला की भीती मोडेल साल्याची," हे त्यामागचं शास्त्र. राइड दोन मिनिटांची असेल. मी पूर्ण वेळ डोळे गच्च मिटून, दात दातांवर दाबून आणि श्वास रोखून बसलो. उतरल्यावर भीती मोडली नव्हती, चांगली दुप्पट झाली होती. आता मला उंचीची भीती होतीच, शिवाय मित्रांचीही होती.

या 'एकदा ढकला म्हणजे शिकेल' प्रकारावर माझा मनापासून राग आहे. विहिरीत ढकलून पोहायला शिकवणारे काका आपल्याकडे गावोगाव सापडतात. त्यांनी शिकवलेली चार पोरं पोहायला लागली की त्यांचं नाव होतं. जी पाचवी पोर आयुष्यभर पाण्याकडे फिरकत नाही, तिचा हिशोब कुणी ठेवत नाही.

आणि गंमत म्हणजे, हे असं करू नये हे माणसाला शंभर वर्षांपासून माहीत आहे. १९२४ मध्ये अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या एका लहान मुलावर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. पीटरला सशाची भीती वाटायची. बाईंनी काय केलं? त्याला आवडीचं खायला द्यायचं आणि ससा खोलीत लांब कोपऱ्यात ठेवायचा. तो सैल झाला की ससा थोडा जवळ. बिथरला की पुन्हा लांब. असं करत करत शेवटी पोरगं सशाशी खेळायला लागलं. पुढे याच वाटेने भीतीवरचे मोठे उपचार उभे राहिले. यात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत: पायऱ्या लहान हव्यात, आणि भीती खाली उतरेपर्यंत त्या पायरीवर थांबायला हवं. माझ्या मित्रांनी ससा थेट माझ्या तोंडावर फेकला होता.

असो. मी हे सगळं निमूट घेऊन जगलो असतो. रोलर कोस्टरवाचून कुणाचं अडत नाही. लाइट बिल भरता येतं, गृहकर्ज मिळतं, प्रमोशनही होतं. पण दोन वर्षांपूर्वीच्या नवरात्रात एक गोष्ट घडली.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही पुण्याहून घरी परत आलो ते इथेच राहिलो. आमची कन्या तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला घेऊन कर्णपुऱ्याच्या यात्रेला गेलो. तिच्या मैत्रिणी आकाशपाळण्याच्या रांगेत उभ्या होत्या, हीसुद्धा उड्या मारत त्यांच्यात जाऊन उभी राहिली. मी लांब उभा, अर्थातच सगळ्यांच्या पिशव्या घेऊन. तिचा नंबर आला. ती एकदा वर बघून थांबली, मग वळून माझ्याकडे बघितलं, आणि रांगेतून बाहेर आली. मला म्हणाली, "नको बाबा. आपल्याला नाही ना आवडत हे."

आपल्याला.

त्या पोरीला कुणी पाळण्यात बसवून झुलवलं नव्हतं. तिला मामाचा झटका बसला नव्हता. तिच्याकडे जी भीती होती ती माझ्याकडून आली होती, मी एक शब्दही न बोलता. मी प्रत्येक वेळी बाकावर जाऊन बसलो, आणि ते ती बघत होती. रात्री मला झोप लागली नाही. आजोबांची जमीन पुढच्या पिढीला देता आली नाही, पण मामाचा पाळणा मात्र मी बिनचूक पोचवला होता.

मग मी तेच केलं जे मला येतं. बग आहे ना? मग आधी तो नीट लिहून काढा. एका रविवारी वही घेऊन बसलो आणि प्रश्न लिहिला: मला नेमकी कशाची भीती वाटते? 'रोलर कोस्टरची' हे उत्तर चालत नाही. 'सिस्टीम चालत नाही' म्हणून तिकीट टाकणाऱ्या क्लायंटसारखं आहे ते. तासाभराने तीन ओळी उरल्या.

एक, गाडी रुळावरून सुटेल किंवा मागे घसरेल. दोन, लाइट जाईल आणि मी वर अडकेन. तीन, पोटात तो गोळा येईल आणि माझा माझ्यावर ताबा राहणार नाही.

मग एकेक घेऊन वाचत बसलो. जे कळलं ते सांगतो, कारण मला हे पंचवीस वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पहिली ओळ. रोलर कोस्टरची चाकं रुळाच्या फक्त वर नसतात. एक जोड वर, एक बाजूला आणि एक रुळाच्या खाली असते. म्हणजे गाडीने रुळाला तिन्ही बाजूंनी मूठ मारलेली असते. उलटी झाली तरी खालची (आता वरची) चाकं धरून ठेवतात. राहिलं मागे घसरण्याचं. चढावर गाडी जाताना तो खट-खट-खट आवाज येतो ना? सिनेमात बघतानाही माझ्या अंगावर काटा यायचा. मला वाटायचं, काहीतरी तुटायला आलंय. तो आवाज गाडीखालच्या एका खुंटीचा असतो. चढावर करवतीसारखे दाते बसवलेले असतात आणि ही खुंटी एकेका दात्यावरून पुढे पडत जाते. पुढे जाता येतं, मागे येता येत नाही. साखळी तुटली तरी गाडी आहे तिथेच अडकून राहते.

सायकलचं पेडल उलटं फिरवलं की टिकटिक आवाज येतो, त्यातही अशाच छोट्या खुंट्या असतात. आमच्याकडचे सायकलवाले त्यांना सरळ 'कुत्ते' म्हणतात. इंग्रजीतसुद्धा रोलर कोस्टरच्या त्या खुंटीला 'डॉग'च म्हणतात हे वाचलं तेव्हा मी घरात एकटाच मोठ्याने हसलो. ज्या आवाजाला मी इतकी वर्षं घाबरलो, तो राखणदार कुत्र्याचा निघाला.

दुसरी ओळ, लोडशेडिंगची. ही भीती खास मराठवाड्याची आहे, मुंबईकरांना कळणार नाही. दहा-दहा तास लाइट जाणाऱ्या गावात वाढलेल्या माणसाचा कुठल्याही मोटरवर विश्वास बसत नाही. पण नेहमीच्या साखळीवाल्या कोस्टरमध्ये मोटर लागते ती चढापुरती. एकदा वर नेऊन सोडलं की पुढे इंजिन नाहीच. उंचीवर साठवलेली ऊर्जा वेगात बदलते, पुन्हा उंचीत, पुन्हा वेगात, म्हणूनच पुढची प्रत्येक टेकडी पहिलीपेक्षा बुटकी ठेवावी लागते. आणि ब्रेक? हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक बहुधा असे बसवतात की दाब आहे तोवर ते उघडे, दाब गेला की मिटलेले. लाइट गेली तर गाडी बेफाम सुटत नाही, थांबते. अलीकडच्या कित्येक कोस्टरवर चुंबकाचे ब्रेक असतात. गाडीची धातूची पट्टी कायमच्या चुंबकांमधून गेली की वेग आपोआप मारला जातो, त्याला वीज लागतच नाही. आपल्या धंद्यात ज्याला आपण 'फेल-सेफ' म्हणतो आणि बहुतेक वेळा फक्त पीपीटीत लिहितो, ते इथे लोखंडात करून ठेवलंय.

अजून एक आवडलेली गोष्ट. एका रुळावर दोन-तीन गाड्या फिरतात, मग त्या धडकत कशा नाहीत? रुळाचे भाग पाडलेले असतात, आणि एका भागात एका वेळी एकच गाडी. पुढचा भाग रिकामा आहे असं सेन्सर सांगेपर्यंत मागची गाडी सुटत नाही. रेल्वेत हे तत्त्व शंभराहून जास्त वर्षं वापरात आहे. प्रोग्रामर मंडळी, ओळखलंत ना? म्युटेक्स! बाकीच्यांसाठी: सार्वजनिक शौचालयाचं तत्त्व. आतल्याने कडी उघडल्याशिवाय बाहेरच्याने आत जायचं नाही. :-)

तिसरी ओळ, पोटातला गोळा. हा मात्र खरा असतो, मनाचा खेळ नसतो. आपण उभे असतो तेव्हा जमीन आपल्याला खालून रेटत असते, आणि शरीराच्या आतले अवयवही एकमेकांवर टेकून असतात. गाडी उतारावर सुटली की हा आधार काही क्षण जवळजवळ नाहीसा होतो. आतडी-जठर किंचित सैल होऊन वर सरकल्यासारखी वाटतात, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग 'पडतोय, पडतोय' म्हणून ओरडतो. यात श्वास रोखून, पोट आवळून, डोळे मिटून बसलं की सगळं वाईट होतं, कारण कान सांगतो ते डोळ्यांना दिसत नाही आणि मेंदूचा गोंधळ वाढतो. म्हणजे कॉलेजच्या सहलीत मी जे जे केलं ते सगळं चुकीचं होतं. करायचं ते नेमकं उलटं: डोके मागे टेकवून ठेवायचं, डोळे उघडे, नजर पुढच्या रुळावर, आणि उतार लागताच तोंडाने श्वास सोडायचा. ओरडलात तरी चालेल. लोक ओरडतात ते उगाच नाही, ओरडताना श्वास आपोआप सुटतो.

जुन्या काळी ही भीती अगदी रास्त होती बरं का. १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर पूर्ण गोल फिरवणारा कोस्टर होता. वर्तुळाकार लूप असल्यामुळे आत शिरताना एकदम इतका दाब यायचा की लोकांच्या माना आखडायच्या. शहाणपण यायला १९७६ उजाडलं. कॅलिफोर्नियातल्या 'रिव्होल्यूशन' या कोस्टरमध्ये जर्मन इंजिनिअर वेर्नर श्टेंगेल यांनी वर्तुळाऐवजी पाण्याच्या थेंबासारखा लूप काढला, वळण हळूहळू घट्ट होत जाणारा. रेल्वे आणि हायवेचे इंजिनिअर सरळ रस्ता वळणाला जोडताना हीच वक्ररेषा वापरतात. आपण नगर रोडने पुण्याला जाताना झटका न बसता वळतो ते याच गणितावर.

इथे तुम्ही म्हणाल, हा आता कोस्टरचा एजंट झाला. म्हणजे अपघात होतच नाहीत का? होतात. आणि माझं खरं म्हणणं इथेच सुरू होतं.

२ जून २०१५. इंग्लंडमधल्या ऑल्टन टॉवर्समधला 'स्माइलर' नावाचा कोस्टर. एक रिकामी गाडी चाचणीसाठी सोडली होती, ती मधेच अडकली. मागून १६ माणसं भरलेली गाडी निघाली. यंत्रणेने तिला चढावरच रोखलं, कारण पुढचा भाग रिकामा नव्हता. म्युटेक्सने आपलं काम चोख केलं होतं. पण तिथल्या तंत्रज्ञांना वाटलं, यंत्रणाच चुकतेय. रुळावर किती गाड्या आहेत याचाच त्यांचा हिशोब चुकला होता. त्यांनी ती रोख हाताने काढली आणि गाडी सोडली. धडक झाली, अनेक जण जखमी झाले, दोन तरुणींचे पाय कापावे लागले. २०१६ मध्ये कोर्टाने चालवणाऱ्या कंपनीला ५० लाख पौंडांचा दंड केला.

रात्री दोन वाजता अलर्ट वाजतोय म्हणून 'फॉल्स अलार्म असेल' म्हणत तो बंद करणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने ही गोष्ट वाचावी. मी बंद केलाय. माझ्या चुकीने फक्त एक रिपोर्ट सकाळी उशिरा गेला, म्हणून मी हसून सांगू शकतो.

आपल्या देशातलंही सांगतो. जुलै २०१९ मध्ये अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळ लंबकासारखी झुलणारी राइड तुटून पडली, दोघांचा जीव गेला आणि पंचवीसहून अधिक जखमी झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये मोहालीच्या एका मेळ्यात वर-खाली करणारा पाळणा लोकांसकट जमिनीवर आदळला. या दोन्हीत एक गोष्ट लक्षात घ्या. त्या दिवशी त्या राइडमध्ये बसलेल्या माणसांपैकी बहुतेकांना अजिबात भीती वाटत नसणार. ते मजेतच होते.

म्हणजे भीती आणि धोका ही दोन वेगळी खाती आहेत, आणि आपण ती सतत एकमेकांत मिसळतो. भीती वाढते ती उंचीने, आवाजाने, ताबा सुटल्याच्या जाणिवेने. धोका वाढतो तो गंजाने, घाईने, न बदललेल्या पिनेने, दमलेल्या माणसाने. पहिल्या यादीतलं सगळं डोळ्यांत भरतं, दुसऱ्या यादीतलं शोधावं लागतं.

याचा सगळ्यात मोठा पुरावा मी स्वतः. कित्येक वर्षं मी शुक्रवारी रात्री पुण्याहून स्लीपर बसने घरी येत होतो. ड्रायव्हर किती तास जागा आहे, मागचं संकटकालीन दार उघडतं का, हे एकदाही विचारलं नाही. पांघरूण घेऊन झोपायचो. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं झोपेतच गेली. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं मेली. आणि मी कशाला घाबरत होतो? तर रोज सकाळी तपासणी होऊन सुरू होणाऱ्या, खाली-वर-बाजूला चाकं असलेल्या, पट्ट्याने बांधलेल्या दोन मिनिटांच्या फेरीला!

मग ठरवलं. लहान पायऱ्या, ससा लांब, कुणी ढकलणार नाही.

पहिली पायरी कॉलनीच्या बागेतला झोका. हसू नका. रात्री साडेनऊला, बाग रिकामी झाल्यावर, अडतीस वर्षांचा माणूस झोक्यावर बसून खाली येताना तोंडाने श्वास सोडतोय. तिसऱ्या दिवशी वॉचमनने शिट्टी मारली. "साहेब, बारक्या लेकरांचा आहे तो." मी त्याला कारण सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "बसा. पण मधोमध बसा, साखळी एका बाजूनं झिजलीय." बघा, धोका कुठे आहे ते त्याला माहीत होतं.

दुसरी पायरी, लेकीला घेऊन दौलताबादचा किल्ला. चढताना खाली बघायचं, पोट आवळलं की तिथेच थांबायचं, ते सैल झालं की पुढच्या पायऱ्या. अंधारीत तिने माझा हात धरला आणि मी तिचा. कोण कुणाला धरत होतं ते तिथे दिसत नव्हतं, हे बरं झालं. तिसरी पायरी, कोस्टरच्या पहिल्या सीटवरून घेतलेले व्हिडिओ, पुन्हा पुन्हा, इतके की वळणं पाठ झाली. हे दोन महिने चाललं.

डिसेंबरात आम्ही तिघं खोपोलीजवळच्या इमॅजिकाला गेलो. घरापासून तीनशे किलोमीटरच्या आसपास. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या पार्कमधला 'नायट्रो' हा कोस्टर साधारण ४० मीटर उंच, ताशी १०५ किलोमीटरपर्यंत वेग आणि पाच वेळा उलटा. व्हिडिओत पाठ केलेला तोच. पण सुरुवात 'गोल्ड रश एक्सप्रेस' या खाणीतल्या गाडीसारख्या लहान कोस्टरने केली. मी आणि कन्या शेजारी. तिला आधी सांगून ठेवलं होतं, कधीही 'नको' म्हणालीस तरी चालेल, कुणी चिडवणार नाही. पहिल्या फेरीत दोघांचे चेहरे पांढरे. दुसऱ्यात ती ओरडली. तिसऱ्यात मी ओरडलो. चौथ्या वेळी बायको म्हणाली, "आता मला पण बसू द्या की. मी धरते होय पिशव्या दर वेळी?"

मग नायट्रो. रांगेत अर्धा तास. त्या अर्ध्या तासात मी चार वेळा मागे फिरायचं ठरवलं. शेवटी सीटवर बसलो, खांद्यावरून ते जाड कवच खाली आलं, पट्टा लागला, कर्मचाऱ्याने ओढून बघितला. या कोस्टरला पायाखाली तळ नसतो. स्टेशनातली जमीन गाडी निघण्याआधी बाजूला सरकवतात. 'पायाखालची जमीन सरकणे' हा वाक्प्रचार शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवला होता, प्रात्यक्षिक आत्ता झालं.

चढ सुरू झाला. पोटात गोळा आला, नेहमीचाच, जुना ओळखीचा. माझे हात घामाने ओले होते. मी स्वतःला सांगत राहिलो की जागचा घसरणार नाहीस, खालचा कुत्रा बघतोय. वर पोचल्यावर एक क्षण सगळं शांत. सह्याद्रीचे डोंगर, खाली मुंग्यांएवढी माणसं. मी खाली बघितलं.

आणि श्वास सोडला.

पुढचं सगळं नीट आठवत नाही. शेजारचा कॉलेजचा पोरगा नंतर म्हणाला, "काका, तुम्ही 'मामाऽऽ' म्हणून ओरडत होता." असेल.

खाली आलो तेव्हा पाय लटपटत होते आणि मी वेड्यासारखा हसत होतो. कन्या बाहेर वाट बघत होती. उंचीच्या पट्टीत ती बसत होती, पण वर बघून म्हणाली, "बाबा, मी पुढच्या वर्षी. आज गोल्ड रशच." जीभ टोकापर्यंत आली होती, 'अगं काही होत नाही, एकदा बस तर.' म्हणजे कॉलेजमधले मित्र, विहिरीतले काका आणि पाळण्यातला मामा सगळे एकदम माझ्या तोंडातून बोलणार होते. गिळलं. "बरं," म्हणालो. आम्ही पाचव्यांदा गोल्ड रशला गेलो.

ज्यांना हृदयाचा त्रास आहे, रक्तदाब आहे, मान-पाठीचं दुखणं आहे, ज्या गरोदर आहेत, त्यांनी यातलं काही करू नये. बाटलीवरची सूचना असते तशी ही नाही, खरंच करू नये. आणि ज्यांना हे आवडतच नाही त्यांनीही करू नये. न आवडणं वेगळं आणि भीतीपोटी 'आवडत नाही' म्हणणं वेगळं. हा फरक बाहेरच्याला दिसत नाही, ज्याचा त्याला मात्र पक्का माहीत असतो. टीम आउटिंग ठरवणाऱ्या एचआरवाल्यांनो, बाकावर बसलेल्या माणसाला ओढू नका. फार तर एखाद्या लहान राइडला त्याच्या शेजारी बसा.

माझी भीती गेली का? नाही. परवा मॉलच्या काचेच्या लिफ्टमध्येही गोळा आला. पण आता तो आला की मी त्याला विचारतो, बाबा रे, तुला उंची दिसतेय की गंज?

या उन्हाळ्यात एका लहान गावच्या जत्रेत गेलो होतो. कोलंबस नावाची ती झुलणारी होडी असते ना, ती लागली होती. कन्या आता धीट झालीय, पळत तिकडे गेली. मी मागून. ती रांगेत शिरली नाही. होडीजवळ उभी राहून सीटसमोरच्या दांडीकडे निरखून बघत होती. मी पोचल्यावर माझी बाही ओढून हळूच म्हणाली, "बाबा, ती पिन नाहीये. तार गुंडाळलीय तिथं."

मी बघितलं. खरंच बांधकामाची बारीक तार होती. चालवणाऱ्याला जाऊन सांगितलं, तो म्हणाला, "काही होत नाही साहेब, रोजचं आहे." बाकीची माणसं आनंदात होडीत चढत होती. जत्रा कमिटीच्या मंडपात जाऊन सांगितलं, त्यांनी एक माणूस पाठवला, होडी थांबवली. लोकांनी आमच्याकडे रागाने बघितलं, एकाने "घाबरट दिसतोय" असंही म्हटलं.

कन्येने विचारलं, "बाबा, आपण घाबरलो का?"

म्हटलं, "हो. इथे घाबरायचं."

मग आम्ही भेळभत्ता घेतला आणि घरी आलो.